पाळीचे काम आणि मनाची घडी

सकाळी सातच्या सुमारास सिल्वासाहून पिपरिया, मसाट व खडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माणसांचे दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जाताना दिसतात. एकाच्या हातातील डबा भरलेला असतो, दुसऱ्याच्या हातातील रिकामा. पहिल्याचा दिवस आता सुरू व्हावयाचा आहे. दुसऱ्याचा दिवस, सूर्य डोक्यावर येण्यापूर्वीच, संपलेला आहे. आणखी काही दिवसांनी हीच माणसे आपापल्या जागा बदलतील.

१९६५ मध्ये पिपरिया येथे सहकारी क्षेत्रातील औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हापासून या प्रदेशाचे रूप पालटत गेले. करसवलती आणि वापी रेल्वे स्थानकाचे सान्निध्य यांमुळे प्लास्टिकचे, पॉलिएस्टर धाग्याचे व इतर मालाचे कारखाने येथे आले. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. २६ जानेवारी २०२० पासून हा भाग दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशात समाविष्ट आहे. बाहेरून आलेल्या कामगाराबरोबरच गावोगावचा वारली, धोडिया व कोकणा तरुणही आज यंत्रावर उभा राहतो. ज्या घरात पूर्वी राब भाजणे, पेरणी, आवणी, कापणी आणि झोडणी या क्रमाने वर्ष ठरत असे आणि गुरे सोडण्या-बांधण्याने दिवस ठरत असे, त्या घराचे वेळापत्रक आता कारखान्याच्या सूचनाफलकावर लागते. शेतीचे काम कष्टाचे होते, परंतु दिवसाला एक ठेका होता. तो कोणी शिकविला नव्हता; म्हणूनच तो हरवल्याचे चटकन ध्यानात येत नाही.

ध्यानात येतात ते त्याचे परिणाम. घरातील कर्ता पुरुष अलीकडे लहानसहान गोष्टींवरून चिडतो. मुलाने मोठ्याने हाक मारली की अंगावर ओरडतो, भाजीत मीठ कमी पडले की ताट सरकवितो, आणि तासाभराने स्वतःच खजील होऊन बसतो. दुसरे लक्षण धरसोडीचे. भिशीत नाव घातले, तीन हप्ते भरले, चौथा चुकला. रक्तदाबाची गोळी पंधरा दिवस नियमाने घेतली आणि सोळाव्या दिवशी बाटली फळीवर राहिली. धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी बरोबर येण्याचा शब्द दिला, त्या सकाळी झोपच मोडली नाही. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. शेजारी म्हणतात, माणसाला जबाबदारी उरली नाही. खुद्द त्यालाही तसेच वाटू लागते, आणि तो एखाद्या रविवारी मोठा निश्चय करतो. तो निश्चय पाळी बदलेपर्यंत टिकतो.

दोष स्वभावाचा की झोपेचा?

मनुष्याच्या मेंदूत, डोळ्यांच्या मागील बाजूस, मज्जापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ ते हेच. या घड्याळाची पेशीतील यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना देण्यात आले. डोळ्यांवर पडणारा प्रकाश या घड्याळाला किल्ली देतो. पहाटेच्या प्रहरी शरीराचे तापमान सर्वांत खाली येते आणि झोपेची ओढ सर्वाधिक असते. नेमक्या त्या वेळी रात्रपाळीचा कामगार यंत्रापुढे उभा असतो. सकाळी घरी येऊन तो आडवा होतो तेव्हा शरीर जागे होऊ पाहत असते. परिणामी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा बहुधा कमी भरते व वारंवार मोडते. हे घड्याळ दिवसाला साधारणतः तासाभरानेच पुढे-मागे सरकते. म्हणजे आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचे शरीर नव्या वेळेशी जुळत येते न येते, तोच वेळ पुन्हा बदललेली असते.

अपुऱ्या झोपेचा रागाशी असलेला संबंध आता प्रयोगांनी दाखविता येतो. २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रे दाखविली असता, भीती व क्षोभ यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा भाग झोप घेतलेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के अधिक उसळतो, असे आढळले. मेंदूचा जो पुढील भाग एरवी त्याला आवर घालतो, त्याच्याशी असलेली जोडणीही सैल पडलेली दिसली. शांत स्वभावाचा मनुष्य रात्रपाळीच्या आठवड्यात तापट का होतो, याचे उत्तर येथे बऱ्याच अंशी मिळते.

ही बाब केवळ घरातील कुरबुरीची नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात व बुद्धी, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकीच मंदावतात. २४ तासांनंतर हे प्रमाण ०.१० टक्क्याच्या जवळ जाते. भारतात मद्यांशाची कायदेशीर मर्यादा वाहनचालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहिल्या रात्रपाळीच्या दिवशी सकाळी सहाला उठलेला आणि दुपारी न झोपलेला कामगार दुसऱ्या दिवशी सातला मोटारसायकलीवर बसतो, तेव्हा तो पंचवीस तास जागा असतो. दारूचा थेंबही न घेता तो कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या चालकाच्या पंक्तीत बसतो. म्हणूनच पहिल्या रात्रपाळीपूर्वी दुपारी दीड-दोन तासांची झोप घेणे ही चैन समजू नये.

घड्याळाला नव्हे, क्रमाला बांधावे

दिनचर्येचा विचार आपल्याकडे नवा नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ‘दिनचर्या’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे, आणि त्याचा आरंभ ब्राह्ममुहूर्तावर उठण्याने होतो. उपदेश उत्तम आहे. मात्र ब्राह्ममुहूर्ताला जो बॉबिन बदलत उभा आहे, त्याला तो कसा लागू करावयाचा? लवकर निजे, लवकर उठे ही शिकवण पाळीच्या कामगाराला ऐकविणे म्हणजे त्याच्या पदरी अपराधाची भावना घालणे होय. त्याला निराळ्या प्रकारची घडी हवी.

या घडीचे मर्म असे की, सवय घड्याळातील वेळेला न बांधता एखाद्या न चुकणाऱ्या घटनेला बांधावी. पाळी कोणतीही असो, कामगार झोपेतून उठतोच, कामावर निघतोच आणि कामावरून परततोच. वेळा बदलतात, घटना बदलत नाहीत. ‘सकाळी आठला गोळी घेईन’ हा संकल्प पाळी बदलताच कोलमडतो. ‘उठून तोंड धुतले की गोळी’ हा टिकण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. (औषधाच्या वेळा मात्र डॉक्टरांना पाळीची कल्पना देऊन, त्यांच्याकडूनच ठरवून घ्याव्यात.) उठणे, पाणी, गोळी, वीस मिनिटे उजेडात चालणे, पोटभर जेवण; पुढे परतणे, आंघोळ, हलके खाणे, उद्याचे कपडे व ओळखपत्र खुंटीला लावणे, झोप. हा क्रम तिन्ही पाळ्यांत तोच ठेवता येतो. शरीराला सूर्याची साक्ष मिळत नसेल, तर निदान क्रमाची साक्ष मिळते.

अशी सवय अंगवळणी पडण्यास किती दिवस लागतात? एकवीस दिवसांचा हिशेब बराच प्रचलित आहे, पण त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९६ स्वयंसेवकांनी रोजच्या एखाद्या घटनेला जोडून एक नवी सवय लावण्याचा प्रयत्न केला. सवय रुजण्याचा मध्यक ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज आला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला वेळ लागला. याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष धरसोडीने त्रासलेल्या माणसाने विशेष लक्षात घ्यावा: एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यात फारसा खंड पडला नाही. नियम मोडला, आता सारेच व्यर्थ, असे मानून सोडून देण्याची जी वृत्ती असते तिला येथे उत्तर आहे. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. नेहमीचे तेवढे करावे. एका वेळी एकच नवी सवय धरावी, हेही ओघाने आलेच.

मराठी वाचकाला येथे धोंडो केशव कर्वे यांची आठवण व्हावी. १८९१ ते १९१४ या काळात ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. १९०० साली आश्रम हिंगण्याला गेल्यावर, अध्यापन सांभाळून, ते पुणे आणि हिंगणे यांमधील काही मैलांची वाट पायी तुडवीत राहिले. त्या पायपिटीत नाट्यमय असे काही नव्हते. महाविद्यालय सुटले की हिंगण्याची वाट, एवढेच ते होते. मन प्रसन्न आहे की खिन्न, हा प्रश्न त्या वाटेवर उपस्थित होत नसे.

धरसोडीचे एक कारण मात्र सवयीच्या बाहेरचे आहे. शब्द देताना पाळीपत्रक पाहिलेले नसते. बहुतेक घरांच्या भिंतीवर कालनिर्णय असते. त्यावर पुढील महिन्याच्या पाळ्या प, दु, रा अशा अक्षरांनी मांडून ठेवाव्यात, आणि लग्नाचे, बँकेचे, शाळेतील पालकसभेचे कोणतेही आश्वासन त्या पानाकडे पाहूनच द्यावे. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा शब्द देऊ नये. भिशीचा हप्ता पगार हातात आल्या दिवशीच वेगळा काढावा.

चहा, दारू आणि घरची माणसे

रात्रपाळीत चहा लागतोच. परंतु चहातील उत्तेजक द्रव्याचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. तेव्हा पाळीच्या पूर्वार्धात चहा घ्यावा, पहाटे तीननंतर टाळावा. परतताना टोपी किंवा गडद चष्मा वापरावा, खोलीच्या खिडकीला जाड पडदा अथवा गोणपाट लावावे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

दारूविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शेजारच्या गुजरातेत १९६० मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हापासून दारूबंदीचे धोरण आहे. दादरा व नगर हवेलीत तसे नाही. झोप यावी म्हणून पाळीनंतर एक पेला घेणारे कमी नाहीत. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. पण झोपेचा उत्तरार्ध तुटक होतो, आणि उठल्यावर चिडचिड अधिकच वाढलेली असते.

घरात एक संकेत ठरवून घ्यावा: कामावरून परतल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात पैशाचा, मुलांच्या गुणांचा वा नातेवाइकांचा विषय निघणार नाही. हे विषय दडपावयाचे नाहीत. साप्ताहिक सुटीच्या दिवशी, जेवणानंतर, त्यांना ठरलेली जागा द्यावी. मात्र या संकेताचा अर्थ पत्नीने सदैव गप्प राहावे असा होऊ नये. पहाटे उठून डबा करणाऱ्या, मुलांना शाळेत पाठवून दुपारी पतीच्या झोपेसाठी घर शांत ठेवणाऱ्या आणि कित्येकदा स्वतःही कारखान्यात जाणाऱ्या स्त्रीची झोप कोणत्याच पाळीपत्रकात मोजली जात नाही. तिच्याही अर्ध्या तासाचा संकेत त्याच घरात हवा.

सारा भार कामगारावर टाकणेही न्याय्य नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावण्याचे बंधन घालून दिले होते. पाळीपत्रक महिनाभर आधी लागले आणि पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकत गेल्या, तर शरीराला जुळवून घेणे सुलभ होते. उलट क्रमाने ते अवघड जाते. व्यवस्थापनाला यासाठी खर्च येत नाही.

झोप पुरेशी मिळूनही चिडचिड दोन-तीन आठवडे टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, वजन अकारण घटू किंवा वाढू लागले अथवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ती केवळ सवयींनी सुटणारी बाब नव्हे. अवटू ग्रंथीचे विकार, मधुमेह आणि नैराश्य यांची सुरुवात अशीच दिसू शकते. सिल्वासा येथील श्री विनोबा भावे नागरी रुग्णालयात अथवा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. त्यामुळे पहाटे चारच्या सुटीतही हा क्रमांक फिरविता येतो.