अमेरिकेतील फिलिपिनी व आफ्रिकी स्थलांतरित : आर्थिक स्थितीतील अंतर आणि त्याची मीमांसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील परदेशी जन्मलेल्या रहिवाशांविषयी जी शासकीय आकडेवारी वेळोवेळी प्रसिद्ध होते, तीत फिलिपाइन्समधून आलेल्या कुटुंबांचे उत्पन्न सातत्याने वरच्या पायरीवर आढळते, तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांचे त्याहून बरेच खाली. २०२१ साली फिलिपिनी स्थलांतरित कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न सुमारे ९५ हजार डॉलर होते. सर्व स्थलांतरित कुटुंबांचा मध्यक त्या वर्षी सुमारे ७० हजार डॉलर होता. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांचा २०१९ सालचा मध्यक सुमारे ६१ हजार डॉलर, म्हणजे त्या वर्षीच्या सर्व स्थलांतरितांच्या मध्यकाहूनही काहीसा कमी होता. दोन्ही आकडे एकाच वर्षाचे नसले, तरी त्यांच्यातील अंतर केवळ वर्षभेदाने स्पष्ट होण्याजोगे नाही.

याच्या शेजारी शिक्षणाची आकडेवारी ठेवली म्हणजे प्रश्न अधिक टोकदार होतो. पंचवीस वर्षांवरील फिलिपिनी स्थलांतरितांत पदवीधरांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतून आलेल्यांत ते २०१९ साली ४२ टक्क्यांच्या घरात होते, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या प्रौढांत सुमारे एक-तृतीयांश. म्हणजे आफ्रिकी स्थलांतरित हा यजमान समाजापेक्षा अधिक शिकलेला वर्ग असूनही त्याचे उत्पन्न यजमान समाजाहून कमी आहे. शिक्षणाचे अंतर लहान आणि उत्पन्नाचे अंतर मोठे, असे का व्हावे? या प्रश्नाचे सर्वांत सुलभ उत्तर ‘संस्कृती’ या शब्दात दिले जाते: एक समाज कष्टाळू व कुटुंबवत्सल, दुसरा तसा नाही. हे उत्तर का टिकत नाही, आणि त्याच्या जागी कोणती कारणपरंपरा ठेवावी लागते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. तुलनेची एकके

पहिली अडचण तुलनेच्या पद्धतीतच आहे. फिलिपाइन्स हे एक राष्ट्र. आफ्रिका हे चोपन्न राष्ट्रांचे खंड. एका राष्ट्राचा मध्यक आणि एका खंडाचा मध्यक समोरासमोर ठेवले, म्हणजे पहिल्यात ज्या प्रकारचा एकजिनसीपणा असतो तो दुसऱ्यातही आहे असे नकळत गृहीत धरले जाते. वस्तुतः नायजेरियातून आलेल्या प्रौढांत पदवीधरांचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक आहे, म्हणजे ते फिलिपिनी प्रमाणालाही मागे टाकते. याउलट सोमालियातून आलेल्यांत ते याच्या एका लहान अंशाइतकेच आहे. ह्यूस्टनमधील नायजेरियन अभियंता आणि मिनिआपोलिसमधील सोमाली निर्वासित यांची सरासरी काढून जो ‘आफ्रिकी स्थलांतरित’ तयार होतो, तो प्रत्यक्षात कोठेच राहत नाही.

फिलिपिनी समाजही वाटतो तितका एकसंध नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी ध्वजाखाली लढलेल्या फिलिपिनी सैनिकांचे लाभ १९४६ च्या कायद्याने काढून घेण्यात आले. १९९० च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वाची वाट खुली झाली, तेव्हा उतारवयात आलेल्या यांपैकी अनेकांनी कॅलिफोर्नियातील शहरांत तुटपुंज्या साहाय्यावर दिवस काढले. २००९ साली त्यांना एकरकमी भरपाई मंजूर झाली. अमेरिकी नागरिक झालेल्यांसाठी ती १५ हजार डॉलर होती. समाजाचा मध्यक उंच असला म्हणून त्यातील प्रत्येक थर उंचावर असतो असे नव्हे, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

२. फिलिपिनी स्थलांतर : वसाहतीचा वारसा

१८९८ च्या पॅरिस तहाने फिलिपाइन्स स्पेनकडून अमेरिकेकडे गेले. १९०१ च्या ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक मनिलात उतरले आणि सार्वजनिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले. परिचारिकांचे शिक्षणही त्याच काळात अमेरिकी धर्तीवर सुरू झाले. पुढे अर्ध्या शतकाने जो लाभ पदरात पडला, त्याचे बीज येथे आहे.

मात्र हा लाभ तत्काळ मिळाला नाही. १९०६ साली पंधरा फिलिपिनी मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांत नेण्यात आले. त्यांच्यामागून हजारो गेले, आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या शेतांतही पोहोचले. १९३० साली वॉटसनव्हिल येथे त्यांच्याविरुद्ध दंगल झाली. १९३३ साली एका फिलिपिनी पुरुषाच्या आंतरवांशिक विवाहाच्या बाजूने न्यायालयाचा निकाल लागताच कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विवाहबंदीच्या यादीत ‘मलय वंश’ असा शब्द घातला. १९३४ च्या कायद्याने फिलिपिनींचा प्रवेश वर्षाला केवळ पन्नासवर आणला. १९४६ च्या कायद्याने ही संख्या शंभर झाली आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. याच कायद्याने भारतीयांनाही तेवढाच वाटा व तोच हक्क मिळाला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे.

आज ज्यांच्या उद्योगप्रियतेचे गोडवे गायिले जातात त्याच समाजाला १९३० च्या दशकात आळशी, उपद्रवी व समाजात न मिसळणारा म्हटले जात होते. तीन दशकांत संस्कृती बदलली नाही. बदलला तो प्रवेशाचा दरवाजा. १९४८ पासूनच्या विनिमय-कार्यक्रमाने फिलिपिनी परिचारिका अमेरिकी रुग्णालयांत येऊ लागल्या. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रनिहाय वाटे रद्द केले आणि व्यावसायिक कौशल्य व कुटुंबसंबंध या दोन आधारांवर प्रवेश देऊ केला. १९६६ ते १९८५ या काळात किमान २५ हजार फिलिपिनी परिचारिका अमेरिकेत गेल्या. इकडे १९७४ च्या श्रमसंहितेने फिलिपाइन्सच्या शासनाने मनुष्यबळाची निर्यात हे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले. अमेरिकी नौदलातील भरतीचा मार्ग तर १९४७ च्या तळविषयक करारापासून १९९२ पर्यंत चालू राहिला. शासन, शाळा व रुग्णालय या तिन्हींनी मिळून जो रस्ता बांधला, त्यावरून फिलिपिनी कुटुंबे चालत आली.

३. आफ्रिकी स्थलांतर : अनेक दरवाजे, उशिराचा प्रवेश

आफ्रिकेतून स्वेच्छेने झालेले स्थलांतर १९६५ पूर्वी अत्यल्प होते. १९७० च्या जनगणनेत आफ्रिकेत जन्मलेले सुमारे ८० हजार रहिवासी आढळले. १९९० मध्ये ते साडेतीन लाखांच्या वर, २००० मध्ये पावणेनऊ लाखांच्या आसपास आणि २०१० मध्ये सुमारे सोळा लाख झाले. म्हणजे या समाजातील बहुसंख्य लोक विसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर आलेले आहेत. स्थलांतरिताचे उत्पन्न वास्तव्याच्या वर्षांबरोबर वाढत जाते, हा या अभ्यासक्षेत्रातील सर्वमान्य अनुभव आहे. तेव्हा अंतराचा एक भाग केवळ कालावधीचा मानावा लागतो.

त्यांच्या प्रवेशाचे मार्गही भिन्न होते. पहिला विद्यार्थ्यांचा: १९७० च्या दशकात तेलाच्या उत्पन्नावर नायजेरियाने अनेक तरुण परदेशी विद्यापीठांत पाठविले, पुढे तेलाचे भाव कोसळले, १९८६ साली चलनाचे अवमूल्यन झाले आणि त्यांतील अनेकांना परतण्यासारखे काही उरले नाही. दुसरा निर्वासितांचा: १९७४ ची इथिओपियातील क्रांती व १९९१ नंतरचे सोमालियातील यादवी युद्ध यांनी विस्थापित केलेल्यांना १९८० च्या निर्वासित कायद्याने प्रवेश मिळाला. तिसरा सोडतीचा: १९९० च्या कायद्याने निर्माण केलेली आणि १९९५ या वित्तीय वर्षापासून अमलात आलेली ही योजना, ज्या देशांतून अमेरिकेत कमी लोक आले त्यांच्यासाठी होती. तीत माध्यमिक शिक्षण किंवा ठराविक प्रकारच्या कामाचा अनुभव एवढीच अट होती. फिलिपाइन्स आधीच मोठ्या संख्येने लोक पाठवीत असल्याने या सोडतीबाहेर राहिले.

प्रवेशाचा मार्ग हा केवळ कायद्याचा तपशील नव्हे. रुग्णालयाने बोलावलेल्या परिचारिकेला उतरण्यापूर्वीच नोकरी ठरलेली असते. सोडतीत नाव आलेल्या शिक्षकाला नोकरी शोधावी लागते. निर्वासिताला तर मिळेल ते पहिले काम पत्करावे लागते, आणि विमानप्रवासाचा खर्चही कर्जाऊ मिळालेला असल्याने तो फेडावा लागतो. तीन माणसांची हुशारी समान असली तरी दहा वर्षांनंतरचे त्यांचे उत्पन्न समान असणार नाही.

४. कुटुंबाचे उत्पन्न आणि माणसाचे उत्पन्न

मध्यकाच्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. मोजले जाते ते कुटुंबाचे उत्पन्न, व्यक्तीचे नव्हे. समजा, एका घरात तिघे मिळवते असून प्रत्येकाची मिळकत ३५ हजार डॉलर आहे, आणि दुसऱ्या घरात एकटा मिळवता ६० हजार मिळवितो. पहिल्या घराचे उत्पन्न १ लाख ५ हजार होते व ते अधिक संपन्न भासते, पण त्यातील प्रत्येक कामकरी दुसऱ्या घरातील कामकऱ्याहून बराच गरीब आहे. फिलिपिनी कुटुंबे पुष्कळदा तीन पिढ्यांची असतात. आधी आलेल्या परिचारिकेने पुढे आईवडिलांना व भावंडांना बोलावून घेतले, तरी भावंडांच्या अर्जांना दोन दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली आहे. आजीआजोबा नातवंडे सांभाळतात म्हणून पतिपत्नी दोघे पाळ्यांत काम करू शकतात.

यात स्थळाचाही भाग आहे. फिलिपिनी वस्ती मुख्यत्वे कॅलिफोर्निया व हवाई येथे, म्हणजे जेथे वेतन अधिक आणि घरभाडे त्याहून अधिक अशा राज्यांत केंद्रित आहे. आफ्रिकी वस्ती टेक्सास, न्यूयॉर्क, मेरीलँड, मिनेसोटा अशी विखुरलेली आहे. डॉलरचा आकडा सर्वत्र सारखा असला तरी त्याची क्रयशक्ती सारखी नसते. तेव्हा अंतराचा काही भाग हा जीवनमानाचा नसून मोजणीचा आहे.

५. पदवीचे मूल्य आणि वर्णाचे मूल्य

तथापि सर्व अंतर मोजणीत विरघळून जात नाही. जे उरते त्याची दोन कारणे सांगता येतात. पहिले, पदवीला मिळणारी मान्यता. फिलिपिनी परिचारिकेचा अभ्यासक्रम अमेरिकी नमुन्यावर बेतलेला आहे. अमेरिकी परवाना-परीक्षेचे केंद्रही २००७ पासून मनिलात उघडण्यात आले. आदिस अबाबा किंवा आक्रा येथील डॉक्टरला मात्र परीक्षा देऊन रुग्णालयातील प्रशिक्षण पुन्हा प्रथमपासून घ्यावे लागते. ते न जमल्यास तो वृद्धाश्रमात साहाय्यक होतो किंवा टॅक्सी चालवितो. वॉशिंग्टन शहरात टॅक्सी चालविणारे सुशिक्षित इथिओपियन हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

दुसरे कारण वर्णाचे. आफ्रिकी स्थलांतरित ज्या समाजात पाऊल ठेवतो तेथे कृष्णवर्णीयांविषयीचे पूर्वग्रह त्याच्या आगमनापूर्वी शतकानुशतके रुजलेले आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बर्ट्रांड व मुल्लैनाथन यांच्या प्रयोगात बोस्टन व शिकागो येथील नोकऱ्यांसाठी समान पात्रतेचे काल्पनिक अर्ज पाठविण्यात आले. गौरवर्णीय वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाले. त्या प्रयोगातील नावे अमेरिकी कृष्णवर्णीयांची होती, आफ्रिकेतून आलेल्यांची नव्हती, हे खरे. परंतु घरमालक वा नोकरी देणारा जेव्हा चेहरा पाहून निर्णय घेतो, तेव्हा त्याला जन्मस्थान दिसत नाही. फिलिपिनींनाही वर्णभेद सोसावा लागला, हे वर आलेच आहे. पण १९६५ नंतर दोन्ही समाजांच्या वाट्याला त्याची सारखी मात्रा आलेली नाही.

६. निष्कर्ष

या चर्चेचे महत्त्व केवळ पद्धतिशास्त्रीय नाही. ‘यशस्वी’ स्थलांतरित समाजाचे उदाहरण पुढे करून इतरांच्या दारिद्र्याचा दोष त्यांच्याच माथी मारला जातो, आणि त्यावरून धोरणे ठरतात. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकी शासनाने ज्या बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी जाहीर केली, त्यांपैकी सात आफ्रिकेतील होते. समाजांची प्रतवारी लावण्याच्या सवयीतून अशा निर्णयांना अनुकूल हवा मिळते.

उलटपक्षी, उंच मध्यकामुळे ज्यांचे कौतुक होते त्यांची हानीही झाकली जाते. अमेरिकेतील परिचारिकांत फिलिपिनींचे प्रमाण सुमारे ४ टक्के आहे. परंतु २०२० च्या महासाथीत सप्टेंबरपर्यंत मृत्यू पावलेल्या परिचारिकांत त्या जवळजवळ एक-तृतीयांश होत्या, असे परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेला आढळून आले. रोगशय्येजवळची, पाळ्यांची व जोखमीची कामे ज्यांच्याकडे होती त्यांनाच हे मोल द्यावे लागले. उत्पन्नाच्या कोष्टकात या जोखमीला रकाना नाही.

म्हणून अभ्यासकाने दोन समाजांच्या उत्पन्नाची तुलना करताना निदान पाच प्रश्न विचारले पाहिजेत: एकके समान आहेत काय, ते कोणत्या दरवाजाने आले, केव्हा आले, घरात मिळवते किती, आणि त्यांच्या पदवीला व चेहऱ्याला बाजारात कोणते मूल्य मिळाले. १९६५ च्याच कायद्याने आपल्याकडील डॉक्टर व अभियंतेही अमेरिकेत गेले. त्यांत मराठी कुटुंबे थोडी नव्हती. त्यांच्या यशाचे विवेचन करतानाही हेच पाच प्रश्न आपण स्वतःला विचारावेत, म्हणजे निवडून घेतलेल्या माणसांचे यश हे सबंध समाजाच्या गुणाचे प्रमाणपत्र मानण्याची चूक टळेल.