टक... टक... आणि बाबांचं नाट्यसंगीत

रात्रीचे साडेदहा. मुलुंडचं आमचं वन बीएचके. बाळ नुकतंच झोपलंय आणि बाबा हळू आवाजात नाट्यसंगीत लावून बसलेत. हा त्यांचा रोजचा कोटा! पण संधिवातामुळे ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवणं त्यांना जमेना. मग एका शनिवारी दादरला गाडी बदलून मी लॅमिंग्टन रोड गाठला आणि रिमोटवर चालणारा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्यूमचा बोर्ड आणून बसवला.

झकास? छे! रिमोट दाबला की स्पीकरमधून ‘टक’. ऑर्गनचा लांब सूर असला की जास्तच. चौथ्या दिवशी बाबांनी गाणंच बंद केलं. “बाळ दचकतं रे,” एवढंच म्हणाले.

भानगड अशी, की नॉबने आवाज सलग बदलतो, तर इलेक्ट्रॉनिक व्हॉल्यूममध्ये पायऱ्यांनी. सिग्नल म्हणजे शून्याच्या वर-खाली झुलणारी लाट. ती शिखरावर असताना पायरी बदलली, की सिग्नल एकदम उडी मारतो. तीच ‘टक’! धावत्या लोकलमधून उतरलात तर धडपडणारच ना? गाडी थांबल्यावर उतरा. लाटेचं स्टेशन म्हणजे शून्य. शून्याला कितीनेही गुणा, उत्तर शून्यच. म्हणून त्याच क्षणी व्हॉल्यूम बदलायचा. याचं नाव झिरो क्रॉसिंग. आणि थांबावं किती लागतं? 50 हर्ट्झचा सूरसुद्धा सेकंदाला 100 वेळा शून्यातून जातो. म्हणजे फार तर 10 मिलिसेकंद!

पुन्हा लॅमिंग्टन रोड. या वेळी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पीजीए2311 चिपचा बोर्ड. पायरी फक्त अर्ध्या डेसिबलची. तरीही टक! शेवटी डेटाशीट उघडली. झिरो क्रॉसिंगची पिन 5 व्होल्टला जोडली तरच ती सोय चालू होते. माझ्या बोर्डावर ती ग्राउंडला होती! एक वायर, सोल्डरचा एक डाग, काम फत्ते.

घरी करून बघणार असाल तर एक टिप. आधीच्या सर्किटमधून डीसी व्होल्टेज येत असेल, तर गाण्यातल्या नाजूक जागी लाट शून्याला शिवतच नाही. ही चिप 16 मिलिसेकंद वाट बघते आणि मग पायरी बदलूनच टाकते. म्हणजे पुन्हा टक. त्यामुळे इनपुटला सिरीजमध्ये कपॅसिटर हवाच.

परवा रात्री बाबांनी आवाज दहा पायऱ्या खाली आणला. मी कान टवकारून उभा. काहीच ऐकू आलं नाही...

म्हणजे, फक्त गाणं ऐकू आलं!