दारावर ‘नो सॉलिसिटिंग’ची पाटी, तरी बेल वाजतेच! असं का?

अमेरिकेतल्या घरांच्या दारावर ‘नो सॉलिसिटिंग’ची छोटी पाटी तुम्ही फोटोंत किंवा रील्समध्ये पाहिली असेल. अर्थ सोपा आहे : विक्रेत्यांनी बेल वाजवू नये. पण या पाटीला कायद्याचा आधार आहे का?

सुरुवात कुठून झाली?

वायोमिंगमधलं ग्रीन रिव्हर हे रेल्वेचं गाव. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपायचे आणि फिरते विक्रेते त्यांची झोप मोडायचे. म्हणून १९३१ मध्ये गावाने नियमच केला : बोलावल्याशिवाय विक्रेत्याने दारात यायचं नाही. ब्रश विकणारी फुलर कंपनी कोर्टात गेली, पण १९३३ मध्ये हरली. इतर गावांनीही हा नियम उचलला. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने लुइझियानातल्या अलेक्झांड्रिया शहराचा असाच नियम वैध ठरवला.

मग धर्मप्रचारक कसे येतात?

कारण माल विकणं वेगळं आणि मत मांडणं वेगळं. ओहायोतल्या स्ट्रूथर्स शहराने पत्रकं वाटण्यासाठी बेल वाजवायलाच बंदी घातली होती. तिथेही रात्रपाळीवाले बरेच होते. तरी १९४३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी रद्द केली. २००२ मध्ये स्ट्रॅटन गावाची, प्रचारकांनी आधी परवाना घ्यावा ही अटही ८ विरुद्ध १ मतांनी फेटाळली.

म्हणजे पाटी निरुपयोगी?

उलट, खरी ताकद तिच्यातच आहे. कोर्टाचं म्हणणं असं की, सगळ्यांच्या वतीने ‘नको’ म्हणण्याचा अधिकार गावाला नाही. तो प्रत्येक घराला आहे. पाटी म्हणजे तुमचा तो नकार.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही शहरांत पाटी असताना बेल वाजवली तर थेट दंड होतो. काही ठिकाणी ‘निघा’ सांगूनही न गेल्यासच गुन्हा ठरतो. शिवाय अनेक ठिकाणी ‘सॉलिसिटिंग’च्या व्याख्येत धर्मप्रचार किंवा निवडणूक प्रचार येतच नाही. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना आधी शहराचा नियम वाचायला सांगा.

आणि दारात आलेल्याच्या बोलण्याला भुलून काही विकत घेतलंच, तर? घरी झालेली २५ डॉलर किंवा त्याहून मोठी खरेदी, काही अपवाद सोडले तर, कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येते. हा नियम मात्र देशभर लागू आहे.