२५६ की ५१२? लॅपटॉपची साठवण आणि त्याचा वेग

बारावीचा निकाल लागला की मंडळात एक प्रश्न हमखास येतो. मुलगी शिकायला पुण्याला निघाली आहे, किंवा मुलाला इथेच बेळगावात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. लॅपटॉप घ्यायचा आहे. २५६ जीबीचा बजेटमध्ये बसतो, ५१२ घ्यायचा तर काही हजार वाढतात. "एवढ्या फाइली कुठे असतात, लहानच घेऊया," असे घरात ठरते. प्रश्न फक्त जागेचा असता तर आम्हीही हेच म्हटले असते. पण एसएसडीत जागेबरोबर वेगही बदलतो.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असे. मिनिटाला ५४०० फेरे की ७२००, आणि तबकडीवर माहिती किती दाट, यावर तिचा वेग ठरे. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. आत फ्लॅश मेमरीचे तुकडे असतात आणि त्यांच्याकडून काम करून घेणारा एक कंट्रोलर.

निपाणीकरांना हे चटकन समजेल. तंबाखूच्या वखारीत माल उतरवायचा आहे. मुकादम एक, दारे चार. हमाल दोनच असतील तर दोन दारे नुसती उघडी राहतात; मुकादम कितीही तरबेज असो. कंट्रोलर हा मुकादम, त्याचे चॅनल ही दारे, आणि मेमरीचे तुकडे हे हमाल. साठवण वाढते तेव्हा बहुधा हमाल वाढतात, म्हणून एकाच वेळी जास्त माल हलतो. गंमत अशी, की नव्या चिपमध्ये एकेका तुकड्याची क्षमता वाढत गेली. म्हणजे तेवढ्याच २५६ जीबीला आता पूर्वीपेक्षा कमी तुकडे पुरतात. हमाल धिप्पाड झाले, पण संख्येने घटले.

याचे गाजलेले उदाहरण ॲपलचे. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरमध्ये २५६ जीबीसाठी १२८ च्या दोन चिप होत्या. २०२२ च्या एम२ मध्ये २५६ ची एकच आली, आणि चाचण्यांत वाचण्याचा वेग जवळपास निम्म्यावर उतरला. २०२४ च्या एम३ मध्ये पुन्हा दोन चिप आल्या.

सॅमसंगच्या ९७० इव्हो एसएसडीचे कंपनीने छापलेले आकडे पाहा. वाचण्याचा वेग तिन्ही आकारांत सेकंदाला ३४०० एमबी. लिहिण्याचा मात्र २५० जीबीला १५००, ५०० ला २३०० आणि १ टीबीला २५००. पहिली उडी मोठी, दुसरी किरकोळ. म्हणून २५६ वरून ५१२ वर जाण्यात अर्थ आहे. केवळ वेगासाठी १ टीबी घेऊ नये, असे आमचे मत.

दुसरी गोष्ट पडवीची. घाईत आलेला माल आधी पडवीत टाकतात, सवडीने आत रचतात. एसएसडीतही अशी एक वेगवान पडवी असते, तिला कॅश म्हणतात. बहुतेक एसएसडींत वखार भरत गेली की ही पडवी आक्रसते. इंटेलच्या ६६०पी मालिकेत ५१२ जीबीच्या ड्राइव्हला ती रिकाम्या अवस्थेत ७६ जीबीपर्यंत असे, भरल्यावर अवघी ६ जीबी.

हे आम्ही स्वतः भोगले आहे. मंडळाच्या जुन्या पत्रिका आणि इतिवृत्ताच्या वह्या स्कॅन करायला २५६ चा लॅपटॉप घेतला. ६०० डीपीआयला ए४ आकाराचे एक रंगीत पान, न दाबता साठवले तर, सुमारे १०० एमबी होते. हजार पानांना १०० जीबी. ड्राइव्ह काठोकाठ भरला आणि सुरुवातीला झरझर होणारी कॉपी रांगू लागली. स्कॅन करणारी मुले चहाला जाऊन परत यायची तरी काम तिथेच.

नुसते टायपिंग, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग एवढेच असेल तर मात्र हा फरक फारसा जाणवणार नाही, कारण तिथे छोट्या छोट्या फाइली एकेक करून उघडतात. एकाच हमालाचे काम असते. अशा घरांनी वाढीव पैसे आधी रॅमवर घालावेत. ८ जीबी रॅम कमी पडली की लॅपटॉप ड्राइव्हचाच आधार घेतो, आणि तिथे लहान ड्राइव्ह दुहेरी अडतो.

दुकानात जीबीबरोबर प्रकारही विचारा. साटाची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, मग ती कितीही मोठी असो. एनव्हीएमई तिच्या कितीतरी पुढे. फार स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी असते, ती टाळावी. २५६ च घेणे भाग असेल तर दुसरा एम.२ स्लॉट आहे का, तेही पाहून घ्या. आमच्या लॅपटॉपला तो निघाला. त्यात ५१२ ची एसएसडी बसवली, आणि उरलेल्या वह्यांचे स्कॅनिंग पुन्हा सुरू झाले आहे.