निरोप कुणाच्या फोनवर येतो?



आज फोनवर बोलू या. फोन चालवायचा कसा, हे मी सांगणार नाही. ते आपली पोरं शिकवतात, आणि एकदा शिकवलेलं पुन्हा विचारलं की वैतागतातही. मला बोलायचंय ते घरच्या निरोपाविषयी. शाळेचा निरोप, बँकेचा निरोप, बाहेरगावी असलेल्या माणसाचा निरोप. तो येतो कुणाच्या फोनवर, आणि वाचतं कोण?

आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. त्यांची मुलगी आठवीत असताना एनएमएमएसची परीक्षा पास झाली. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नाही, अशा घरातल्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती असते. नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये, थेट मुलाच्या खात्यात. नववीचे पैसे आले. त्यातून सायकल आली, वह्या आल्या. दहावीला मात्र पैसे आलेच नाहीत. ताई वाट बघत राहिल्या. सरकारी पैसे आहेत, उशीर होतोच, असं त्यांना वाटलं. शेवटी शाळेत गेल्या तेव्हा कळलं, की हा अर्ज दर वर्षी नव्यानं भरावा लागतो, आणि मुदत कधीच संपली.

सरांची काही चूक नव्हती. त्यांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा निरोप टाकला होता. ग्रुपमध्ये नंबर होता मुलीच्या वडिलांचा. ते ट्रकवर असतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ग्रुपवर रोज शुभ सकाळ, वाढदिवस आणि देवाचे फोटो येतात म्हणून त्यांनी त्याचा आवाज बंद करून ठेवलेला. तीनही निरोप त्यांच्या फोनमध्ये होते. न उघडलेले. आणि या ताईंकडे दोन वर्षांपासून स्वतःचा फोन होता! शाळेनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या वर्षीचे 12,000 रुपये बुडाले. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी एवढ्या पैशाला तीन क्विंटल घालावं लागतं, म्हणजे बघा.

म्हणून पहिली गोष्ट. शाळेत नाव घालताना फॉर्मवर बापाचा नंबर जातो, आणि मग तोच पुढं दहा वर्षं चालतो. नंबर बदलला, सिम बंद पडलं, बाप कामाला पुण्याला गेला, तरी शाळेच्या दप्तरात तोच. आपण शाळेत जाऊन सांगायचं, की सर, माझाही नंबर घ्या. त्यांचा काढा असं म्हणायची गरज नाही, दोन्ही राहू द्या. ग्रुपमध्ये एका घरचे दोन नंबर असले तर कुणाचं काही बिघडत नाही. अंगणवाडीत, आशाताईंकडे, मुलांच्या वसतिगृहात, सगळीकडे हेच.

आता कुणी म्हणेल, नंबर दिला, पण मला वाचता कुठं येतं? थांबा. वाचता न येणं हे दोन प्रकारचं असतं, आणि दुसऱ्या प्रकाराकडं आपलं लक्ष जात नाही. बऱ्याच जणींना मराठी चांगलं वाचता येतं. पण निरोप येतो तो इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी. ‘उद्या शाळा सकाळची आहे’ हे वाक्य इंग्रजी अक्षरांत आलं की सातवी शिकलेली बाईसुद्धा अडते, आणि आपणच अडाणी आहोत असं समजून फोन खाली ठेवते. यात आपला अडाणीपणा नाही. याचं मूळ साध्या एसएमएसमध्ये आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं 160 बसतात, आणि आपली देवनागरी फक्त 70. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा त्यात मोजली जातात. म्हणजे मराठीत लिहिलं की एका निरोपाचे दोन-तीन एसएमएस होतात आणि पैसे तेवढे लागतात. म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय लागली. व्हॉट्सॲपवर तसलं काही बंधन नाही, सवय मात्र राहिली. तेव्हा गुरुजींना मोकळेपणानं सांगा, की मराठी अक्षरांत टाका, नाहीतर बोलून टाका. आमच्या गावच्या बाई आता महत्त्वाचा निरोप बोलूनच टाकतात. त्यांनाही टायपिंगचा कंटाळा होताच.

बोलून निरोप टाकायचा म्हणजे माइकच्या चित्रावर बोट दाबून धरायचं, बोलायचं आणि बोट सोडायचं. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीनं किती घरं बांधून ठेवलीत, ते ऊसतोडीच्या घरांत बघावं. दिवाळी झाली की बीडकडचे कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला सांगायला नको. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. पाच-सहा महिने कोपीवर मुक्काम. शाळेतली पोरं मागं राहतात, आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. आई पहाटे अंधारात फडात जाते. पोरगं सकाळी शाळेत. संध्याकाळी ते मोकळं असतं तेव्हा आई मोळ्या बांधत, गाडी भरत असते. गाडी भरून कोपीवर येईपर्यंत पोरगं झोपलेलं. दोघांची वेळ कधी जुळत नाही. फोन केला तर कुणी उचलत नाही. मग दोन्हीकडं घोर.

बोललेला निरोप मात्र थांबून राहतो. आईनं रात्री टाकला की पोरगं सकाळी ऐकतं. त्याचं उत्तर आई दुपारी भाकरी खाताना ऐकते, रेंज असली तर. कोपीवर लाईट नसते, फोन दुकानात चार्जिंगला लावावा लागतो, तेव्हा एखादा दिवस चुकतोही. पण आवाज हरवत नाही. एक आजी मला म्हणाली, नातू आईचा आवाज दिवसातनं चारदा लावतो, मी म्हणते फोन झिजंल की रे.

या निरोपात एक चूक सगळ्याच करतात, मीही करायची. आपण म्हणतो, ‘उद्या सर बोलावतायत’, ‘उद्या पैसे पाठवते’. ऐकणाऱ्यानं तो दोन दिवसांनी ऐकला, तर त्याचा उद्या कुठला? बोलताना वार सांगा, तारीख सांगा. ‘सोमवारी, 12 तारखेला’. आणि एका निरोपात एकच काम. औषध, फी, म्हशीचं दूध आणि आत्याचं भांडण एकाच दमात सांगितलं, तर ऐकणारा भांडण लक्षात ठेवतो आणि फी विसरतो. भांडणाचा वेगळा निरोप टाका, तो जरा मोठा असला तरी चालेल.

आजीकडं साधा बटणांचा फोन असला तर हे जमत नाही. तिथं आपला जुना मिस्ड कॉलच खरा. 2003 पर्यंत आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. पुढं ते थांबलं, पण केलेल्या फोनचे लागतच होते. म्हणून आपण मिस्ड कॉलची भाषा बनवली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. आता बोलणं तसं महाग राहिलं नाही, तरी फोन नसेल उचलता येत तिथं ही भाषा अजून उपयोगी आहे. फक्त आधी घरात ठरवून ठेवा.

आता जरा अवघड भागाकडं येते. काही निरोप असे असतात, की ते दहा मिनिटांतच कामाचे. ओटीपी. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी करताना आपल्या सगळ्यांना याचा अनुभव आला. आधी आपल्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. कितीतरी जणी केंद्रावर बसून राहिल्या, कारण आधारला जोडलेला नंबर दिराचा निघाला, भावाचा निघाला, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा. 1500 रुपये बाईचे, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. म्हणून आधारला आपला चालू नंबर आहे का, हे आत्ताच बघा, काम पडल्यावर नको. आधार केंद्रात बोटाचा ठसा देऊन नंबर बदलता येतो. टपाल खात्याच्या पेमेंट बँकेतर्फे पोस्टमनही हे काम करतात, गावच्या पोस्टमनला विचारून बघा.

आणि ते सिम चालू ठेवा. तीन महिने काहीच वापर झाला नाही, तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग आपल्या बँकेचे निरोप त्या परक्या माणसाच्या फोनवर! असं झालेलं मी पाहिलंय. सिम कुणाच्या नावावर आहे हेही विचारा. आपल्या नावावर किती सिम निघालीत, ते सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर दिसतं. मुलीला म्हणा, दाखव.

ई-मेलचं नाव काढलं की बायका हसतात. आपल्याला काय करायचंय ते? खरंय, दहावीपर्यंत काही करायचं नसतं. दहावीनंतर मात्र प्रत्येक फॉर्मवर तो मागतात. अकरावीचा प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला. पुढं सीईटी, पॉलिटेक्निक, नर्सिंग, सगळीकडं ई-मेल. मग काय होतं? फॉर्म भरायच्या केंद्रावर गर्दी असते. तिथला पोरगा घाईघाईनं एक ई-मेल तयार करतो, पासवर्ड त्याच्याच डोक्यात, आणि नंबरही स्वतःचाच घालतो. त्याच्या मनात वाईट नसतं. पण त्यानं दिवसभरात चाळीस फॉर्म भरलेले असतात. दोन महिन्यांनी कॉलेजचं पत्र त्या ई-मेलवर येतं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आणि नवा पासवर्ड मिळवायचा तर कोड जातो त्याच्या फोनवर. तो गेलेला असतो लग्नाला.

तेव्हा दहावीच्या सुट्टीत घरीच बसून मुलीचा ई-मेल तयार करा. फुकट असतो. पासवर्ड विसरला तर कोड जिथं यावा तो नंबर तुमचा द्या. ई-मेलचा पत्ता आणि पासवर्ड वहीत लिहा, आणि ती वही रेशनकार्डाजवळ ठेवा. शिकलेली माणसं म्हणतात, पासवर्ड लिहून ठेवू नये. त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्या पत्र्याच्या पेटीत तो केंद्रावरच्या पोराच्या डोक्यापेक्षा जास्त सुरक्षित असतो.

फसवणुकीचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर याआधीही बोलणं झालंय. ओटीपी फोनवर मागणाऱ्या कुणालाही सांगायचा नाही, मग तो बँकेतून बोलतोय म्हणो की शाळेतून. अलीकडं व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका फोटो म्हणून येते, नाहीतर पीडीएफ म्हणून. एपीके म्हणजे फोनमध्ये घुसणारा प्रोग्राम. ती उघडून बसवली की आपले ओटीपी चोराला दिसू लागतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधीच गेलेला असतो. ‘आई, माझा फोन पडला, हा नवा नंबर, लगेच पैसे पाठव’ असा लेखी निरोप आला, तर आधी जुन्या नंबरवर फोन लावा आणि आवाज ऐका. पैसे गेलेच, तर रडत बसू नका, त्याच क्षणी 1930 ला फोन करा. जितका लवकर कराल, तितके पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता पुढच्या बैठकीचं काम. मागच्या महिन्यात आम्ही गटात सगळ्यांना विचारलं, तुमचा नंबर तोंडपाठ सांगा. निम्म्या जणी अडल्या. नवऱ्याचा पाठ, स्वतःचा नाही! मग आम्ही गटाच्या वहीत एक पान आखलं. शाळेत कुणाचा नंबर, बँकेत कुणाचा, आधारला कुणाचा, गॅसला कुणाचा. ज्याच्यापुढं ‘माहीत नाही’ आलं, ते काम त्या महिन्यात करायचं. तुम्हीही हे पान आखा.

त्या ताईंचा धाकटा सहावीत आहे. त्यांनी शाळेत जाऊन आपला नंबर दिला. सर म्हणाले, ताई, ग्रुपवर फार निरोप येतात हं, त्रास होईल. ताई म्हणाल्या, होऊ द्या. पहिल्या आठवड्यात त्यांना 63 शुभ सकाळ आल्या आणि एक कामाचा निरोप. गुरुवारी लसीकरण आहे, कार्ड घेऊन या. गुरुवारी त्या कार्ड घेऊन गेल्या.