पाण्यातला शिकारी : पाणभुंगा



अलिबाग तालुक्यात भातखाचरं, वाड्यांमधल्या विहिरी आणि गावतळी भरपूर. अशा पाण्यात काळपट हिरवा, कडेला पिवळी किनार असलेला, साधारण अडीच सेंटिमीटर लांबीचा भुंगा दिसू शकतो. मुलं त्याला नुसतंच 'पाणकिडा' म्हणतात. हा सिबिस्टर ट्रायपंक्टेटस, एक शिकारी पाणभुंगा. १७९५ मध्ये ऑलिव्हिये या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली.

श्वास कसा घेतो? त्याला माशासारखे कल्ले नसतात. तो शरीराचं मागचं टोक पाण्याबाहेर काढतो, पाठीवरच्या कडक पंखांखाली हवा भरून घेतो आणि बुडी मारतो. हवा संपली की पुन्हा वर!

ओळखायचा कसा? मागच्या पायांना केसांची झालर असते. हे दोन्ही पाय तो वल्ह्यांसारखे एकदम मारतो. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक पाणभुंगा पाय आलटून-पालटून हलवतो. मुलांना हा फरक स्वतः शोधू द्या.

अळी तर जास्तच खादाड. तिचे जबडे विळ्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ असतात. ते भक्ष्यात रुतवून ती पाचक रस सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, लहान मासे असं काहीही तिला चालतं. म्हणून घरातल्या पिंपावर झाकण हवंच. पण तळ्यातला हा पहारेकरी आपण गमावू नये.

आता खरा मुद्दा. पूर्ण वाढलेली अळी पाणी सोडून काठावरच्या ओल्या मातीत शिरते आणि तिथेच कोष करते. तळ्याला चारही बाजूंनी उभा सिमेंटचा काठ बांधला, तर ती जाणार कुठे? तळं छान दिसेल, पण पुढची पिढी तिथे घडणार नाही. सुशोभीकरण करताना एक बाजू तरी मातीची, उतरती ठेवायला हवी.

उपक्रम : मोठ्यांच्या सोबतीनेच उथळ पाण्याजवळ जा. जाळीने पकडलेला भुंगा रुंद बरणीत पाच मिनिटं पाहा आणि तिथेच सोडा. अळीला हात लावू नका, ती चावते. परतल्यावर मुलांना विचारा : आपल्या गावच्या तळ्याला मातीचा काठ किती उरलाय?