आधी पागोळ्यांचे पाणी बघा

गणपतीच्या दोन दिवस आधी मुंबईहून आलेली मंडळी गावच्या घराचे कुलूप काढतात आणि दार उघडताच ओलीचा वास येतो. ओटीच्या भिंतीचा रंग गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत फुगलेला असतो. हात लावावा तर पोपडा हातात येतो आणि मागून पांढरी भुकटी झरते. हाच तो लोणा. पाच वर्षांपूर्वीच तर सिमेंटचा गिलावा केला, महागातला प्लास्टिक रंग दिला, मग हे असे का? कोकणातल्या गावागावांत दर भाद्रपदात हा प्रश्न विचारला जातो.

उत्तर बहुतेक वेळा घराबाहेर, वळचणीखाली असते.

कौलांवरून पागोळ्या गळतात तिथे मातीत खळग्यांची एक सरळ ओळ तयार होते. ती ओळ जोत्यापासून किती लांब आहे आणि तिथून पाणी कुणीकडे वाहते, यावर जुन्या घराचे निम्मे आरोग्य ठरते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावरून एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी उतरते आणि ते सगळे जोत्याच्या पायाशीच पडते.

पूर्वी अंगण मातीचे आणि बाहेरच्या बाजूला उतरते असे. आता तिथे काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक आले. मातीत मुरणारी पागोळी त्यावर आपटून उसळते आणि शिंतोडे भिंतीवर कमरेपर्यंत जातात. शिवाय प्रत्येक दुरुस्तीत जुन्या थरावर नवा थर चढतो. ओटीवर जायला तीन पायऱ्या होत्या, त्यांच्या दोनच उरल्या असतील, तर अंगण वर आले आणि जोते तेवढे बुडाले असे समजावे. अशा घरात आतून कितीही रंग लावला तरी तो टिकणार नाही. आधी अंगण खणून पहिल्या पातळीवर आणायचे, उतार घराबाहेर काढायचा आणि पागोळीखाली खडीने भरलेला उथळ चर ठेवायचा. नूतनीकरणातले हे सर्वांत स्वस्त काम, आणि नेमके तेच सर्वांत शेवटी, पैसे संपल्यावर आठवते.

आता भिंत. कोकण-गोव्यातली जुनी घरे जांभ्याची. फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 साली मलबारातल्या या दगडाला इंग्रजीत ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. पण तो सच्छिद्र आहे. जमिनीतली ओल त्यातून वर चढतेच. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असला की ती बाहेर पडून वाळते. सिमेंट आणि प्लास्टिक रंग तिची वाट बंद करतात, मग ती आतल्या आत आणखी वर चढते आणि सोबतचे क्षार लोण्याच्या रूपाने बाहेर फुटतात. दरजांमध्ये सिमेंट भरले तर तेही चिऱ्याहून कठीण ठरते. दगड झिजतो आणि दरज तेवढी उभी राहते.

म्हणून जुन्या भिंतीला चुनाच हवा. चुनखडी भाजून, विझवून केलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगडासारखा होतो. त्याला घाई चालत नाही, त्याचे गवंडीही आता शोधावे लागतात. पूर्ण घराला चुना परवडत नसेल, तर निदान खालच्या मीटरभर भागातले सिमेंट खरवडून एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्यावी आणि तेवढ्यापुरता तरी चुन्याचा गिलावा करावा.

छपराबाबत लोकांची अडचण खरी आहे. वानरांच्या उड्यांनी कौले फुटतात, परतायला माणूस मिळत नाही, म्हणून पत्रा येतो. पत्र्याखाली चैत्रात माळ्यावर उभे राहवत नाही आणि पावसात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. जुन्या घराचे मंगलोरी कौल उलटून पाहावे. कित्येकदा मागे मंगळूरच्या कारखान्याचे नाव ठसठशीत उमटलेले दिसते. बासेल मिशनने 1860च्या दशकात तिथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्यावर नळ्यांच्या आणि गवताच्या जागी ही कौले पसरली. इतकी टिकलेली वस्तू भंगारात घालू नये. वाशांना वाळवी लागली असेल तर खालचा सांगाडा लोखंडी करता येतो, उतार मात्र तोच ठेवावा. पत्रा हवाच असेल तर तो खाली घालून, मधे हवा खेळती ठेवून वर कौले बसवता येतात. पूर्वी चुलीचा धूर वाशांवर बसत असे आणि त्याने कीड दूर राहते असे जुने सुतार सांगतात. आता घरात गॅस आहे, तेव्हा लाकडाला दोन-चार वर्षांनी तेलपाणी करणे आलेच.

आतल्या जागेत मात्र जुने तेच सोने असा हट्ट नको. सत्तरीच्या आईला रात्री परसातल्या संडासात जायला लावणे याला घर जपणे म्हणत नाहीत. संडास-न्हाणी घरातच हवी. ती मागच्या पडवीला लागून, जमीन थोडी खाली घेऊन बांधावी आणि पाण्याचे नळ जुनी भिंत न फोडता बाहेरून आणावेत. स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा हवा.

माजघर काळोखे असते म्हणून बरेच जण भार घेणाऱ्या भिंतीला खिडकी पाडतात आणि वर्षभरात तडा जातो. त्याऐवजी छपरात चार-पाच काचेची कौले बसवावीत. सकाळी देवघराच्या उंबऱ्याशी पडलेला उजेडाचा चौकोन दुपारी माजघराच्या मधोमध येतो आणि संध्याकाळी समोरच्या भिंतीवर चढतो. त्या उजेडात तांदूळ निवडता येतात.

अकरा महिने बंद असणारे घर शेणाने सारवणे शक्य नाही, हे मान्यच करावे. पण गुळगुळीत टाइल पावसात घसरते आणि खालची ओल भिंतींकडे ढकलते. तिच्यापेक्षा चुन्यात बसवलेली शहाबादी फरशी किंवा भाजक्या मातीच्या लाद्या बऱ्या. अंगण मात्र जमेल तेवढे मातीचेच ठेवावे. तुळशीच्या लग्नाआधी माती उकरून, भिजवून, चोपण्याने चोपून ते सारवले की मे महिन्यापर्यंत त्यावर वाळवणे घालता येतात. ते होत नसेल तर चिरे फटी ठेवून मांडावेत आणि फटींत वाळू भरावी. न्हाणीचे पाणी पूर्वीसारखे अळू आणि केळीला सोडावे, जास्तीच्या पाण्यासाठी शोषखड्डा पुरतो.

कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक घेण्याआधी रत्नागिरीतले लोकमान्यांचे जन्मघर आणि मालगुंडचे केशवसुतांचे घर एकदा पाहून यावे. कोकणी घराची ठेवण तिथे पायांनी चालून कळते.

आणि त्याहीआधी, या गणपतीत पाऊस चांगला लागलेला असताना छत्री घेऊन आपल्याच घराभोवती एक फेरी मारा. पाणी साचते तिथे एकेक दगड ठेवा. दिवाळीनंतर गवंडी आला की त्याला पहिल्यांदा ते दगड दाखवा, भिंतीचा रंग नंतर.